पाइपलाइनच्या पर्यावरण आढाव्यात नगरपालिकेची खुर्ची कुठे मांडायची?

पाणथळ

२४ जुलै २००७. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं बर्नाबी शहर, इनलेट ड्राइव्ह नावाचा रहिवासी रस्ता. पावसाळी गटाराच्या नव्या लाइनसाठी चर खणताना पोकलेनचा दात जमिनीखालच्या कच्च्या तेलाच्या पाइपला लागला. बारा-पंधरा मीटर उंच काळं कारंजं उडालं आणि जवळजवळ पंचवीस मिनिटं उडत राहिलं. अकरा घरं तेलानं माखली, अडीचशेच्या आसपास लोक घर सोडून बाहेर पडले आणि काही तेल गटारातून वाहत बरार्ड खाडीत उतरलं. एकूण २३४ घनमीटर. दहा हजार लिटरचे तेवीस टँकर भरतील एवढं.

ही ट्रान्स माउंटन पाइपलाइन. १९५३ पासून अल्बर्टा प्रांतातल्या एडमंटनहून तेल आणते. २०१३ च्या डिसेंबरात कंपनीनं तिच्या जोडीला दुसरी लाइन टाकायचा अर्ज केला. क्षमता दिवसाला ३ लाख बॅरलवरून ८.९ लाखांवर, बर्नाबीच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या टाक्या १३ वरून २६, खाडीत येणारी तेलजहाजं महिन्याला ५ वरून ३४. त्या डोंगरावर विद्यापीठ आहे आणि वर जाणारे दोन्ही रस्ते जिथे एकत्र येतात तो चौक टाक्यांपासून फार लांब नाही.

आढावा घेतला तो केंद्राच्या राष्ट्रीय ऊर्जा मंडळानं. त्यात महापालिकेला स्थान काय? सुनावणीत बाजू मांडणाऱ्या शेकडो हस्तक्षेपकर्त्यांपैकी एक. प्रश्न लेखी विचारायचे, उत्तरं लेखी घ्यायची, कंपनीच्या तज्ज्ञाला समोर बसवून उलटतपासणी करायची सोय नाही. प्रांताच्या सरकारनं आपत्कालीन योजनेची संपूर्ण प्रत मागितली, तर जागोजागी काळ्या पट्ट्या मारलेली प्रत हाती आली आणि मंडळानं ती ग्राह्य धरली. गंमत म्हणजे याच कंपनीच्या सीमेपलीकडच्या लाइनची योजना अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात लोकांना वाचायला खुली होती. २०१४ मध्ये डोंगरावर सर्वेक्षणासाठी झाडं तोडायला महापालिकेनं हरकत घेतली, तेव्हा मंडळानं सांगितलं की तुमचे उपविधी इथे लागू नाहीत. २०१५ मध्ये शहराच्या अग्निशमन दलानं टाक्यांच्या आगीच्या धोक्याचा स्वतंत्र अहवाल काढला. मे २०१६ मध्ये मंडळानं १५७ अटी घालून प्रकल्पाची शिफारस केली.

माझं म्हणणं एवढंच, की ज्या शहराचा बंब आग विझवायला जाणार त्याला आढाव्यात तक्रारदारांच्या रांगेत उभं करू नका. त्याला कागद संपूर्ण मिळावेत, उलटतपासणीचा हक्क असावा, आणि अग्निशमन व पाणीपुरवठा विभागांच्या लेखी संमतीशिवाय आपत्कालीन योजना पूर्ण झाली असं मानू नये. तुम्हाला काय वाटतं?

सरळरेषा

पाणथळ, सुरुवात झकास केलीत, पण एक वाक्य सोयीनं गाळलंत. तो चर कोणाच्या कामासाठी खणला जात होता? गटार महापालिकेचं, कंत्राटदारही महापालिकेच्या कामावरचा. ज्यांच्या कामात पाइप फुटला त्यांनाच तज्ज्ञ म्हणून पंचांच्या शेजारी बसवायचं?

दुसरं. ही लाइन सुमारे १,१५० किलोमीटरची आहे. वाटेत किती गावं, शहरं, जिल्हे लागतात ते मोजा. प्रत्येकाची लेखी संमती हवी म्हटलं की प्रत्येकाला नकाराधिकार दिला. पाइपलाइन नव्वद टक्के झाली म्हणून नव्वद टक्के तेल वाहत नाही, एक तुकडा अडला की सगळी अडते. म्हणून तर १८६७ च्या कॅनडाच्या घटनेत एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जाणारे रेल्वे, तारा, कालवे वगैरे केंद्राकडे ठेवले आहेत. हे कोणा तेलकंपनीच्या वकिलानं काल शोधून काढलेलं नाही.

पाणथळ

गाळलं नाही, पहिल्याच परिच्छेदात लिहायला हवं होतं, कबूल. गटार महापालिकेचंच. पण वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत काय निघालं तेही सांगा ना. कामाच्या नकाशावर पाइपची जागा चुकीची दाखवली होती आणि खणायच्या आधी ती जागेवर नीट पडताळली गेली नाही. पुढे न्यायालयात पाइपलाइन कंपनी, सल्लागार आणि कंत्राटदार या तिघांनीही गुन्हा कबूल केला. म्हणजे पाइप कुठे आहे हे कंपनी आणि शहर या दोघांच्या मिळून एका कागदावर बरोबर नव्हतं. मी जे मागतोय ते नेमकं यासाठीच.

रात्रपाळी

मी बरीच वर्षं पाइपलाइनच्या नियंत्रण कक्षात काढली आहेत, म्हणून लिहितोय. कुठल्या कंपनीत ते विचारू नका.

बाहेरच्या माणसाला वाटतं की गळती झाली की पडद्यावर लाल दिवा लागतो. तसं नसतं हो. पडद्यावर दिसतो दाब आणि प्रवाह. दाब पडला तर त्याची पाच कारणं असू शकतात. त्यातलं एक म्हणजे आम्ही ज्याला कॉलम सेपरेशन म्हणतो ते. चढ-उताराच्या लाइनीत तेलाचा सलग स्तंभ तुटतो आणि मध्ये वाफेची पोकळी तयार होते. ती भरून काढायला काय करतात? आणखी पंप लावतात.

२५ जुलै २०१० ला अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये मार्शल गावाजवळ हेच झालं. एन्ब्रिज कंपनीची तेलाची लाइन ६बी फुटली. नियंत्रण कक्ष एडमंटनला, हजारो किलोमीटर लांब. तिथल्या मंडळींनी पोकळीच समजून लाइन दोनदा पुन्हा चालू केली. १७ तास गेले. जे तेल सांडलं त्यातलं सुमारे ८१ टक्के या दोन वेळच्या पंपिंगमध्ये सांडलं. शेवटी फोन आला तो स्थानिक गॅस कंपनीच्या माणसाचा.

आणि आता नगरपालिकेचा मुद्दा. आदल्या संध्याकाळीच लोकांनी वास येतोय म्हणून आणीबाणीच्या नंबरवर फोन केले होते. अग्निशमनवाले गेलेही. पण ते नैसर्गिक वायू शोधत होते, कारण त्या वासाचा तेलाच्या पाइपशी संबंध असू शकतो हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. लाइन १९६९ पासून तिथे होती! त्या माणसांना आढाव्याच्या वेळी एकदा जरी टेबलाशी बसवून सांगितलं असतं की इथून हे जातं, त्याचा वास असा असतो, हा नंबर फिरवा, तर सतरा तास लागले नसते असं माझं मत. हे माझ्याच जातभाईंवर टीका करून लिहितोय.

हिशेबनीस

भावनेचं झालं, आता पैशाचं बोलू. ट्रान्स माउंटनच्या विस्ताराचा पहिला अंदाज ५४० कोटी कॅनेडियन डॉलर. २०१८ मध्ये कंपनी वैतागून हात झटकायला लागली, तेव्हा सरकारनं ४५० कोटींना सगळीच लाइन विकत घेतली. मे २०२४ मध्ये तेल सुरू झालं तोवर खर्च सुमारे ३,४०० कोटी. सहापट! हा पैसा करदात्यांचा. प्रत्येक वळणावर कोणाला ना कोणाला खुर्ची देत बसलं की असं होतं.

पाणथळ

हिशेबनीस, सहापट खर्चात महापालिकेचा वाटा किती? डोंगराळ वाट, वाढलेले दर, महापूर, साथीचा काळ, सगळं एका खात्यात टाकून बिल बर्नाबीच्या नावावर फाडू नका. बर्नाबीचे उपविधी २०१४ ला बाजूला सारले, २०१७ मध्ये झाडतोडीच्या आणि प्राथमिक आराखड्याच्या परवान्यांतूनही सूट दिली. ज्याचं कोणी ऐकलंच नाही त्यानं उशीर कसा केला?

उलट ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयानं मंजुरी रद्द केली ती आढावा अपुरा होता म्हणून. जहाजवाहतूक प्रकल्पाच्या व्याख्येतूनच वगळली होती आणि आदिवासी राष्ट्रांशी सल्लामसलत नावापुरती झाली होती, सरकारी माणसं फक्त टिपणं घेत बसली. पहिल्यांदा नीट केलं असतं तर दुसऱ्यांदा करावं लागलं नसतं.

सरळरेषा

तोच निकाल पूर्ण वाचा की. अर्जदारांत बर्नाबी महापालिका होती. उलटतपासणी नाकारली, न्याय्य वागणूक मिळाली नाही हा तिचा मुद्दा न्यायालयानं फेटाळला. लेखी प्रश्नोत्तरं पुरेशी आहेत असंच मानलं. मंजुरी रद्द झाली ती इतर कारणांनी. आदिवासी राष्ट्रांशी सल्लामसलत हे घटनात्मक कर्तव्य आहे. महापालिका ही प्रांताच्या कायद्यानं जन्माला आलेली संस्था. दोघांना एकाच पंगतीला बसवून तुम्ही आदिवासींचा मुद्दा पातळ करताय.

पाणथळ

हा मुद्दा मान्य. पंगत वेगळी आहे. मी तो निकाल उशीर कोणामुळे झाला एवढ्यापुरताच आणला होता.

कोपऱ्यातली

मला दोन्ही बाजूंनी एक गोष्ट खटकतेय. शहरांना ताकद द्या म्हणता, पण ताकद असलेलं शहर पाइप थांबवत नाही हो, ढकलतं.

अमेरिकेतल्या डाकोटा ॲक्सेसचं घ्या. साधारण १,१७२ मैलांची लाइन. मिसुरी नदी ओलांडायची एक वाट आधी नॉर्थ डाकोटा राज्याची राजधानी असलेल्या बिस्मार्क शहराच्या उत्तरेला विचारात होती. ती सोडून दिली. कारणांमध्ये एक होतं ते शहराच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरींची जवळीक. मग ओलांडणी ठरली ती स्टँडिंग रॉक या आदिवासी क्षेत्राच्या वेशीजवळ. त्यांचंही पाणी त्याच नदीचं. राज्याच्या राजधानीच्या विहिरी नकाशावर ठळक दिसल्या, यांचा पाणी घ्यायचा पंप दिसला नाही. पुढे २०१६ मध्ये तिथे केवढं आंदोलन झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

तेव्हा पाणथळ, तुमची 'लेखी संमती' ज्या पालिकेकडे वकील आहे तिलाच मिळणार. जिच्याकडे नाही तिच्या दारातून पाइप जाणार.

सरळरेषा

+१. मी जे तीन परिच्छेदांत सांगू शकलो नाही ते कोपऱ्यातली यांनी एका ओळीत सांगितलं. संपूर्ण मार्ग एका नजरेनं बघणारं कोणीतरी हवं, आणि ते वरच बसलेलं असणार.

कोपऱ्यातली

अहो थांबा, मला तुमच्या गोटात ओढू नका. बिस्मार्कची वाट बाजूला पडली ती कंपनी आणि वरची यंत्रणा यांच्याच कागदांत. 'एका नजरेनं बघणाऱ्यां'नीच तो पंप पाहिला नाही. म्हणून तर २०२० मध्ये न्यायालयानं म्हटलं की त्या ओलांडणीचा पूर्ण पर्यावरण परिणाम अहवाल व्हायलाच हवा होता. तोवर तेल वाहायला लागून तीन वर्षं झाली होती.

पाणथळ

आणि ढकलण्याला उलटं उदाहरणही आहे. टेनेसीतलं मेम्फिस. बायहेलिया नावाची ४९ मैलांची लाइन शहराच्या दक्षिण भागातल्या काळ्या वस्तीतून न्यायची होती. कंपनीच्या माणसानं जाहीर बैठकीत सांगून टाकलं की हा कमीत कमी विरोधाचा मार्ग आहे! शहर ज्या भूजलावर जगतं ते मेम्फिस सँड तिथेच खाली. वस्तीतले लोक उठले, मग शहराची आणि काउंटीची, म्हणजे तिथल्या जिल्ह्याची, सभागृहं पाइपलाइनसाठी अंतराचे आणि परवानगीचे नियम करायला बसली. जुलै २०२१ मध्ये कंपनीनं प्रकल्प सोडला. इथे वकील नसलेल्या वस्तीला स्थानिक सभागृहाचाच आधार झाला.

हिशेबनीस

आधार झाला की निवडणूक जवळ आली होती? नगरसेवकांना मतं दिसतात, भूजल नाही. शिवाय पैसा दिसला की तेच सभागृह वळतं. ट्रान्स माउंटनच्या वाटेवरच्या कितीतरी पालिकांनी कंपनीशी लाभाचे करार केले. चिलिवॅकला नदीवरच्या पादचारी पुलासाठी १२ लाख डॉलर ठरले. आता ही पालिका 'पर्यावरण परीक्षक' म्हणून बसली तर तिच्या डोळ्यांसमोर नदीतले मासे असतील की नदीवरचा पूल?

रात्रपाळी

हिशेबनीस, पैशाचा प्रश्न खराय. पण मग कॅनडातलंच किटिमॅट आठवा. नॉर्दर्न गेटवे पाइपलाइनचं शेवटचं टोक, तेलजहाजांचं बंदर तिथेच होणार होतं. सगळ्यात जास्त नोकऱ्या त्याच गावाला. एप्रिल २०१४ मध्ये गावानं कौल घेतला, आणि ५८ टक्क्यांहून जास्त लोकांनी नको म्हटलं. कौल बंधनकारक नव्हता. दोनच महिन्यांत केंद्रानं २०९ अटी घालून मंजुरी दिली. तीही पुढे न्यायालयात टिकली नाही ते सोडा. मुद्दा हा की गाव पैशाकडे बघूनच हात वर करतं असं काही नाही.

टिपणवही

एवढा वेळ वाचत होते. मी एका लहान पालिकेत अभियंता होते, आता निवृत्त. आमच्या हद्दीतून जाणाऱ्या एका लाइनच्या आढाव्यात पालिकेतर्फे बसायचं काम माझ्याकडे आलं होतं. तुमच्या चर्चेत जो कागद सगळे गृहीत धरताय तो प्रत्यक्षात कसा येतो ते सांगते.

तो खोक्यांतून येतो. ट्रान्स माउंटनचा अर्ज पंधरा हजार पानांचा होता म्हणतात, आमचा त्याहून पुष्कळ लहान, तरी टेबल भरलं. पालिकेत अभियंता मी एकटी. त्याच महिन्यात रस्त्यांची निविदा, पाणीगळतीच्या तक्रारी, एका पुलाचं पुनर्परीक्षण. हरकती द्यायला काही आठवडे. कायद्यानं आम्हाला पूर्ण संधी होती. कोणी नाकारली नाही. मी रात्री घरी नेऊन जेवढं जमलं तेवढं वाचलं.

त्यात एक नकाशा होता. आमच्या ओढ्याची ओलांडणी. मी बघतच राहिले, कारण नकाशावर ओढा जिथे होता तिथे तो माझ्या नोकरीच्या काळात कधीच नव्हता. मोठ्या पुरात त्यानं पात्र बदललं होतं, आणि त्यांनी पाया म्हणून जुनाच नकाशा वापरला होता. नव्या पात्राचा काठ दर पावसाळ्यात खचतो, तिथे पाइप जेवढा खोल दाखवला होता तेवढ्यावर काही वर्षांत उघडा पडला असता. हे काही मोठं संशोधन नव्हे. आमच्या पंपावरच्या हेल्परलासुद्धा ठाऊक होतं. पण तो पंधरा मिनिटांच्या जनसुनावणीत माइकपाशी जाऊन 'ओढा हलला आहे' म्हणेल का? आणि म्हटला तर ते इतिवृत्तात कसं लिहिलं जाईल?

मी लेखी कळवलं. ओलांडणी बदलली. त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या खोक्यात असे आणखी किती नकाशे होते जे मी उघडलेच नाहीत, हे मला आजही माहीत नाही.

तेव्हा पाणथळ, मला नकाराधिकार नको होता. पंचांच्या शेजारची खुर्चीही नको होती. मला एक भूगर्भतज्ज्ञ आणि तीन महिने हवे होते, आणि त्याचा खर्च अर्जदारानं उचलायला हवा होता. पण पैसे थेट आमच्या हातात नकोत, नाहीतर हिशेबनीस म्हणतात तो पूल उभा राहील. मंडळाच्या हाती पैसे, तज्ज्ञ आमच्या निवडीचा.

हिशेबनीस

हे मला चालेल. एवढा खर्च एकूण आकड्यात दिसणारही नाही.

सरळरेषा

टिपणवही ताई, ओढ्याच्या गोष्टीपुढे माझी घटना लंगडी पडते, मान्य. पण बघा, तुम्ही जे केलंत ते माहिती देणं होतं. निर्णय वरच्यांनीच घेतला आणि बरोबर घेतला. माझं म्हणणं पहिल्यापासून तेच आहे. सांगायचा हक्क सगळ्यांना, ठरवायचा एकाला.

पाणथळ

आणि 'एकानं' ऐकलंच नाही तर? कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा काउंटीनं आपल्या हद्दीतल्या तेलवाहिन्यांवर देखरेख ठेवायची पद्धत बसवली होती. एका लाइनच्या त्या वेळच्या मालक कंपनीनं १९८० च्या दशकाच्या अखेरीस न्यायालयात जाऊन ही देखरेख झुगारली. आमच्यावर अधिकार केंद्राचा, काउंटीचा नाही, हाच युक्तिवाद. काउंटीतल्या इतर लाइनींवर आपोआप बंद होणारे व्हॉल्व्ह होते, हिच्यावर नव्हते. १९ मे २०१५ ला रेफ्यूजिओ किनाऱ्याजवळ तीच फुटली, बाहेरून गंजून. लाखावर गॅलन तेल गेलं, त्यातलं काही समुद्रात. नियंत्रण कक्ष टेक्सासात. तेल प्रथम पाहिलं कोणी? वास येतोय म्हणून फोन आल्यावर गेलेल्या स्थानिक अग्निशमनवाल्यांनी.

रात्रपाळी

या प्रकरणात व्हॉल्व्ह असता तरी तेल थोडं कमी गेलं असतं, शून्य नाही. गंज ही खरी गोष्ट, आणि पाइपच्या आतून फिरणाऱ्या तपासणी यंत्रानं गंजाची खोली कमी दाखवली होती. तेवढी दुरुस्ती करतो. पण मिशिगनमध्येही वास, इथेही वास. दोन्हीकडे यंत्राआधी नाक. आणि ते नाक पालिकेच्या पगारावर.

सरळरेषा

बरं, एक पाऊल मागे घेतो. मार्ग कुठून जायचा हे वरच ठरावं, यावर मी ठाम. पण आपत्कालीन योजना ही गोष्ट वेगळी आहे, ती मार्गासारखी पुढे जात नाही, तुमच्या हद्दीत संपते. तिच्यावर स्थानिक अग्निशमन प्रमुखाची सही नसेल तर तेल सोडू नये, अशी अट मंडळानंच घालावी. खणायला मनाई नाही, तेल सोडायला मनाई. नकाराधिकार म्हणा हवं तर, पण एवढ्याशाचाच.

कोपऱ्यातली

आणि त्या प्रमुखाला योजना काळ्या पट्ट्यांशिवाय मिळावी, हे लिहायचं राहिलं तुमचं.

सरळरेषा

हो, पट्ट्यांशिवाय.

पाणथळ

टिपणवही, एक विचारायचं राहिलं. त्या ओढ्याची ओलांडणी बदलल्यावर नवा नकाशा पालिकेच्या दप्तरी आला का?

टिपणवही

प्रस्तावित मार्गाचा आला. काम झाल्यावर पाइप प्रत्यक्ष किती खोल आणि कुठे बसला त्याचा नकाशा मी तीनदा मागितला. निवृत्त होईपर्यंत आला नव्हता. माझ्या जागी आलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगून आले, ओढ्याच्या कडेला पोकलेन लावायचा असेल तर आधी हातानं खणून बघ.